शाळेच्या भिंतीवर गावाच्या सहभागाने भित्तिचित्र आणि मुलांसाठी स्प्रेरंगांची कार्यशाळा: नियोजन कसे करावे?

करवीरकर
नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला सुमारे १२० फूट लांब आणि ७ फूट उंच संरक्षक भिंत आहे. ‘बोलक्या भिंती’ उपक्रमात तिच्यावर पाढे, म्हणी आणि स्वच्छतेच्या घोषणा रंगवल्या होत्या. आता बऱ्याच ठिकाणी त्यांचे पोपडे निघाले आहेत. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एका भित्तिचित्रकाराला बोलावण्याचे ठरवले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आधी स्प्रेरंगांची कार्यशाळा घ्यावी आणि नंतर सर्वांनी मिळून भिंत रंगवावी, असे त्यांनी सुचवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीला कल्पना आवडली, पण स्प्रे मुलांच्या हाती देणे सुरक्षित आहे का, आणि ‘गावाचा सहभाग’ म्हणजे अखेरीस मुलांच्या हाती डबे देऊन काढलेले छायाचित्रच ठरणार नाही ना, असे दोन प्रश्न समितीने विचारले आहेत. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परांचीवरचा
मी भित्तिचित्रे करतो आणि स्प्रेच्या कार्यशाळाही घेतो, म्हणून आधी सुरक्षिततेविषयी लिहितो. डब्यात रंग, तो पातळ ठेवणारे द्रावक आणि दाबाखाली भरलेला ज्वलनशील वायू असतो. फवारताना रंगाचे बारीक कण आणि द्रावकाची वाफ ही दोन्ही हवेत जातात. कापडी मास्क किंवा एन-९५ मास्क वाफ अडवू शकत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचे फिल्टर असलेला श्वसनमुखवटा लागतो. हे मुखवटे मोठ्यांच्या चेहऱ्याच्या मापाचे असतात आणि सहावीतल्या मुलाच्या गालाशी ते नीट बसत नाहीत, त्यामुळे ते घातल्याचे समाधान मिळते, संरक्षण मात्र पुरेसे मिळत नाही. म्हणूनच आठवीच्या खालच्या मुलांना मी स्प्रे देत नाही. मोठ्या मुलांनाही मोकळ्या मैदानात, वाऱ्याची दिशा पाहून, चारपाचच्या गटाने आणि थोडाच वेळ फवारू देतो; हातमोजे आणि चष्मा सर्वांनाच सक्तीचे असतात. डबे ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू देऊ नयेत. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ते ठेवले जातात, ही नेहमीची चूक आहे. रिकामा डबाही भोसकू नये किंवा कचऱ्याबरोबर जाळू नये.

कार्यशाळेतले पहिले फवारे भिंतीवर न मारता प्लायवुडच्या किंवा पुठ्ठ्याच्या फळ्यांवर मारावेत. डबा एकदोन मिनिटे हलवणे, हात मनगटातून न वळवता खांद्यातून सरळ नेणे, बारीक रेषेसाठी जवळ येऊन हात वेगाने फिरवणे आणि छटा पसरवायची असेल तेव्हा मागे सरणे, एवढे शिकण्यातच सुरुवातीचा बराच वेळ जातो. हात रेंगाळला की रंग ओघळतो. स्टेन्सिल मात्र मुलांना लवकर जमते: एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर आकार कापला की तो अनेकदा वापरता येतो आणि चित्रकलेत मागे राहणाऱ्या मुलाचीही आकृती नेटकी उमटते. कापण्याचे काम अर्थात मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे.

आता खर्चाविषयी. ४०० मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण दोन चौरस मीटर भाग झाकला जातो, खडबडीत गिलाव्यावर त्याहूनही कमी. तुमची भिंत ७८ चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे सगळी स्प्रेने रंगवायची तर एका थरालाच चाळीसभर डबे लागतील. त्यापेक्षा पार्श्वभूमी आणि मोठे सपाट आकार बाहेरच्या भिंतींसाठीच्या ॲक्रिलिक इमल्शनने ब्रश-रोलरने भरावेत, आणि स्प्रे छटा, कडा व चकाकी यांपुरता ठेवावा. लहान मुलांनाही ब्रशच्या कामात सहज घेता येते.

शाळेतली_ताई
परांचीवरचे दादा यांनी साधनांविषयी लिहिले आहे. मी समितीच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते, कारण आमच्या शाळेत नेमके तेच घडले होते. चित्रकार तयार आराखडा घेऊन आले, मुलांनी नेमून दिलेले चौकोन भरले आणि गावाने पुढे त्या चित्राकडे फारसे पाहिलेही नाही. चित्र सुंदर होते, पण त्यातली नदी कोणती आणि शेत कोणाचे, याच्याशी गावाचा काही संबंध नव्हता.

या बाबतीत अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे उदाहरण मला फार उपयोगी वाटते. तिथे १९८४ मध्ये भिंतींवर परवानगीशिवाय स्प्रे करणाऱ्या तरुणांनाच कामाला घेण्यासाठी नगरपालिकेच्या ग्राफिटीविरोधी मोहिमेत जेन गोल्डन या चित्रकर्तीला बोलावले गेले, आणि त्यातूनच पुढे शहराचा ‘म्युरल आर्ट्स’ कार्यक्रम उभा राहिला. वस्तीतल्या बैठकांमध्ये विषय ठरतो आणि आराखडाही लोकांसमोर ठेवून बदलला जातो. त्यांची एक पद्धत आपल्याला जशीच्या तशी घेता येईल. न विणलेल्या पातळ कापडाच्या तुकड्यांवर आराखडा उतरवून प्रत्येक भागावर रंगाचा क्रमांक लिहितात, मग ते कापड शाळेत, वृद्धाश्रमात, अगदी तुरुंगातही नेऊन रंगवून घेतात आणि शेवटी ॲक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात. परांचीवर चढू न शकणाऱ्या आजींचा हातही त्यामुळे चित्रात येतो.

मुंबईत २००९ मध्ये तुळशी पाइप रोडच्या भिंतीवर सामान्य नागरिकांना रंगवू दिले होते. त्या उपक्रमात ज्याच्या त्याच्या वाट्याला भिंतीचा एकेक तुकडा आला, त्यामुळे सहभाग खरा होता, पण एकसंध चित्राची अपेक्षा तिथे ठेवता येत नाही. बंगळुरूत सुरू झालेल्या ‘अरवानी आर्ट प्रोजेक्ट’मध्ये तृतीयपंथी महिला स्वतः चित्रकार म्हणून भिंती रंगवतात, आणि मला ही रचना सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ज्यांच्याविषयी चित्र आहे त्यांनाच त्या कामाची मजुरी मिळते. तुमच्याकडेही गावातल्या एकदोन रंगाऱ्यांना मानधन देऊन चित्रकाराबरोबर जोडावे. चित्रकार निघून गेल्यावर डागडुजी तेच करणार आहेत.

कार्यशाळेचा पहिला दिवस रंगाशिवाय घालवा, असे मी सुचवेन: मुलांनी घरी जाऊन गावातल्या जुन्या विहिरी, जत्रा, गुऱ्हाळ, बंद पडलेला तालमीचा आखाडा यांविषयी विचारून यावे आणि त्यातून सुचलेली चित्रे चित्रकारासमोर मांडावीत. अंतिम आराखडा ग्रामसभेत दाखवावा. आक्षेप तिथेच निघू द्यावेत. भिंत रंगवून झाल्यावर निघालेला आक्षेप मिटवणे फार जड जाते.

वकिली_चष्मा
थोडक्यात सांगतो. भिंत जिल्हा परिषदेच्या मालकीची असल्याने समितीचा ठराव आणि संबंधित कार्यालयाची लेखी परवानगी या दोन्ही गोष्टी हाती असाव्यात, कारण मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा हेतू चांगला आहे म्हणून आपोआप बाजूला होत नाही. दुसरे, पैसे दिले म्हणजे चित्राविषयीचे सगळे हक्क विकत घेतले असे होत नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे नैतिक हक्क (कलाकृती विकल्यावरही तिची मोडतोड होऊ न देण्याचे कलावंताचे हक्क) मान्य करून शासनाला पाच लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. भिंत दुरुस्त करावी लागली किंवा पाडावी लागली तर काय करायचे, हे चित्रकाराशी आधीच लिहून ठेवा.

करवीरकर
तिघांचेही आभार. सहावी-सातवीच्या मुलांना ब्रश आणि स्टेन्सिल कापण्यापूर्वीचे रेखाटन, तर आठवीला फळ्यांवर स्प्रे, अशी विभागणी करण्यास चित्रकारांनीही मान्यता दिली आहे. आमच्याकडे पाऊस जोरदार असतो आणि भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांत पांढरे क्षार फुटतात. तिथे काय करावे?

परांचीवरचा
जमिनीलगतचा तो पट्टा चित्रात घेऊ नका. ओल भिंतीच्या पायातून वर चढते आणि वर कितीही महाग रंग लावला तरी तो आतून ढकलला जातो. तेवढा भाग गडद एका रंगाचा ठेवा, म्हणजे दर वर्षी रंगाऱ्याला तो चित्राला धक्का न लावता पुन्हा मारता येईल. बाकी भिंतीवरचे पोपडे आणि जुना चुना पत्र्याने पूर्ण खरवडून काढा, जिथे नवा गिलावा कराल तिथे किमान महिनाभर थांबा आणि मग प्रायमर द्या. खरवडणे आणि प्रायमर दिवाळीपर्यंत उरकले, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कार्यशाळेला आणि रंगकामाला दोन्हींना चांगला मिळतो.