विषय: अलास्का क्रूझ – बंदरावर उतरल्यावर भाड्याची गाडी की टूर?

नमस्कार मंडळी,

जुलैत आईबाबा आणि सासूबाई तिघंही इकडे सिअ‍ॅटलजवळ आमच्याकडे आहेत म्हणून धाडस करून सिअ‍ॅटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ बुक केली आहे. जुनो, स्कॅगवे, केचिकन आणि शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया. आम्ही सहा जण, लेक 6 वर्षांचा, बाबांचा गुडघा जेमतेम चालतो, सासूबाईंना बसमध्ये मळमळतं. बोटीच्या अ‍ॅपवर टूरचे भाव बघितले आणि सहाने गुणल्यावर अ‍ॅप बंदच केलं. नवरा म्हणतो सगळीकडे गाडी घेऊ, आपलं आपण फिरू, वाटेल तिथे थांबू. मला मात्र रोज रात्री स्वप्नात बोट निघालेली दिसते आणि धक्क्यावर आम्ही सहा जण, हातात थेपल्याचा डबा.

ज्यांनी केलंय त्यांनी खरंखरं सांगा. "तुमच्यावर आहे" असं उत्तर नको, ते मला घरीच मिळतंय.

– रेडमंडची वहिनी

---

वहिनी,

सगळीकडे गाडी हा प्रश्नच चुकीचा आहे, नवऱ्याला सांगा. गाडी घ्यायची ती फक्त स्कॅगवेला, पण तिथे मात्र घ्याच.

कारण असं की स्कॅगवे गाव म्हणजे बाजीराव रोडपेक्षा छोटं, तासाभरात बघून होतं, पण तिथून जो साउथ क्लोंडाइक हायवे वर चढतो तो बघायला लोक जगाच्या दुसऱ्या टोकावरून येतात. समुद्रसपाटीपासून सुरुवात आणि पंधरा मैलांत व्हाइट पासवर 3,292 फूट. आधी गर्द झाडी, मग एकदम झाडं संपतात आणि नुसते खडक, छोटी छोटी तळी आणि ढग, खंबाटकीतून बाहेर पडून थेट चंद्रावर आल्यासारखं. पुढे फ्रेझरला कॅनडाची चौकी, मग टुत्शी तलावाच्या कडेकडेने कॅनडाच्या युकॉन भागातलं कारक्रॉस, स्कॅगवेपासून 66 मैल. त्याच्या अलीकडे-पलीकडे थांबण्याच्या जागा इतक्या की बसवाला फार तर पाच ठिकाणी थांबवतो, आम्ही तेरा वेळा थांबलो (बायकोने मोजलं, कौतुकाने नव्हे). कारक्रॉसच्या पुढे वाळूच्या टेकड्या आहेत, त्याला ते वाळवंट म्हणतात, जेमतेम एक चौरस मैल असेल, आणि अजून सहा-सात मैलांवर एमराल्ड लेक. तळाला पांढरी चुनखडीची माती आहे म्हणून पाण्याचा रंग असा हिरवा-निळा दिसतो की फोटो दाखवला तर लोक फिल्टर म्हणतात. तिथूनच परत फिरायचं, व्हाइटहॉर्सपर्यंत जायचा मोह नको.

जाऊन-येऊन थांबत थांबत पाच तास धरा. बोट सकाळी सातला लागून रात्री आठला सुटणार असेल तर आरामात होतं. बोट दुपारी लागणार असेल तर माझं हे सगळं पत्र विसरा.

गाडी आत्ताच बुक करा. गावात भाड्याच्या गाड्या मोजक्याच आणि एका दिवशी तीन-चार बोटी लागतात. बुक करताना कॅनडात नेणार असं स्पष्ट सांगा आणि तशी परवानगी कागदावर घ्या. गाव सोडलं की फोनला रेंज नाही, नकाशा आधी उतरवून ठेवा. आणि सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा, मळमळ निम्मी तिथेच संपते.

– बॉथेलचा काका

---

काकांनी एवढं रंगवून लिहिलं आणि मुख्य गोष्ट राहिली!! व्हिसा.

वहिनी, आईबाबा आणि सासूबाई भारतीय पासपोर्टवर असणार. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा लागतो. तसं म्हटलं तर तुमची बोट व्हिक्टोरियाला थांबते म्हणजे तो तुम्हाला काढावाच लागणार आहे, बोटीवरून खाली उतरला नाहीत तरी, आणि तो नसेल तर सिअ‍ॅटललाच चेक-इनच्या काउंटरवर अडवतात. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांना तिथूनच टॅक्सीने घरी पाठवलं होतं, बाकीचं कुटुंब रडत रडत बोटीवर. तेव्हा व्हिसा काढला असेल तर युकॉनसाठी निराळं काही नाही, फक्त मल्टिपल एंट्री आहे ना बघा, कारण एकाच आठवड्यात दोनदा कॅनडात जाणार. तुम्ही दोघं ग्रीन कार्डवर असाल तर पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर. एच-वन (नोकरीचा व्हिसा) असेल तर तुम्हालाही व्हिसा हवाच, आणि स्टॅम्पिंगची (पासपोर्टवरच्या अमेरिकेच्या व्हिसाच्या शिक्क्याची) तारीख आत्ता काढून बघा, स्कॅगवेच्या चौकीवर नको.

(व्हिक्टोरियाला बोट थांबते ती प्रेमाने नाही. 1886 चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला नुसत्या अमेरिकेच्या बंदरांत फिरवून परत सिअ‍ॅटलला आणता येत नाही, मध्ये कुठेतरी परदेशी बंदर लागतं. म्हणून ती शेवटच्या संध्याकाळी धावतपळत हजेरी लावून जाते.)

– कर्कलंड, दर वर्षी फॉर्म भरण्यात तरबेज

---

काका, चौकीवर शंकरपाळे उघडून दाखवायला लावले म्हणे तुम्हाला? खरं का?

– बॉथेलचाच शेजारी

---

लावले. चौकीवरच्या बाईने एक खाल्लाही नाही. पुढे जा म्हणाली.

– काका

---

वहिनी नमस्कार, आता मी जुनोबद्दल लिहिते कारण तिथे आम्ही गाडी घेतली आणि अजून घरात त्यावरून टोमणे चालू आहेत.

पहिलं म्हणजे गाड्या मिळतात विमानतळावर, आणि तो बंदरापासून आठ-नऊ मैल. म्हणजे सहा जणांनी आधी टॅक्सी करून गाडीपर्यंत जायचं, रांगेत उभं राहायचं, संध्याकाळी पेट्रोल भरून परत तिथेच द्यायची आणि पुन्हा टॅक्सी. यात दीड-दोन तास गेले. आणि जायचं कुठे? जुनोच्या बाहेर जाणारा रस्ताच नाही हो, राज्याची राजधानी असून गाडीने तिथे पोचता येत नाही, सगळा मिळून चाळीसएक मैलांचा रस्ता आहे आणि तो संपला की संपला. मेंडनहॉल ग्लेशियर बंदरापासून बारा-तेरा मैलांवर, तिथे धक्क्यावरूनच बस जाते. ती बस घ्या. पण आधी बुक करून ठेवा, कारण तिथे धंद्याच्या बसेस किती जाऊ शकतात याला वनखात्याची मर्यादा आहे आणि हंगामात धक्क्यावर ऐनवेळी तिकीट मिळेलच असं नाही. व्हिजिटर सेंटरपर्यंत बाबांना फार चालावं लागणार नाही. नगेट फॉल्सपर्यंतचा रस्ता सपाट आहे पण जाऊन-येऊन दोन मैल, ते गुडघ्याचं तुम्हीच बघा.

आता टोमण्याचं. आमच्या बोटीने घड्याळ बदललंच नव्हतं. अलास्का सिअ‍ॅटलच्या एक तास मागे, आमचे फोन उतरल्या उतरल्या आपोआप मागे गेले, बोट मात्र सिअ‍ॅटलच्याच वेळेवर. रोजच्या पत्रकात लिहिलं होतं म्हणे, ते कोण वाचतं. आम्ही ग्लेशियरपाशी निवांत, फोनमध्ये वाजले होते 2:50, बोटीवर परत यायची वेळ 4:30, म्हणजे भरपूर वेळ. तेवढ्यात सासरे म्हणाले, चार वाजायला आले, चहाचं काय. त्यांच्या हातात जुनं एचएमटी, सिअ‍ॅटलला लावलं ते तसंच. मी म्हटलं बाबा तुमचं घड्याळ पुढे आहे, ते म्हणाले पन्नास वर्षांत कधी गेलं नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर गाडी विमानतळावर फेकल्यासारखी दिली, टाकी अर्धी तशीच, त्याचे त्यांनी किती लावले ते विचारू नका, आणि 4:26 ला आम्ही जिन्यावर. त्या दिवशी चहा झाला नाही, ते सासरे अजून सांगतात.

बोटीची टूर महाग वाटते त्यात या गोष्टीचे पैसे असतात. त्यांची बस उशिरा आली तर बोट थांबते, नाहीच थांबली तर पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी त्यांची. बाहेरून घेतलेली टूर किंवा स्वतःची गाडी असेल तर कुणी थांबत नाही, आणि जुनोहून पुढे जायचं म्हणजे विमान किंवा फेरी.

– इसाक्वाची, एचएमटीवाल्यांची सून

---

वरच्या पत्राला जोड: युकॉनमध्ये घड्याळ उलट फसवतं. 2020 पासून तिथे वर्षभर एकच वेळ आहे, उन्हाळ्यात अलास्काच्या एक तास पुढे. त्यामुळे बोट अलास्काच्या वेळेवर असेल तर एमराल्ड लेकला फोन बघून काका उगाच घाबरतील. घाबरून लवकर परत आले तर नुकसान काही नाही. एक साधं हातातलं घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा आणि दिवसभर त्याच्याकडेच बघा.

माझं मत सांगतो, वेळ आहे म्हणून. मी आधी हिशोब करतो की जिथे जायचं ते गाडीने मिळतं का. जुनोला व्हेल बघायचे असतील तर बोट ऑक बेहून सुटते, तिथपर्यंत बस टूरमध्येच असते, गाडी घेऊन ती पार्किंगमध्ये उभी करणार आणि तुम्ही समुद्रात, कशाला? उन्हाळ्यात हंपबॅक व्हेल तिथे खायला येतात, जुलै म्हणजे ऐन हंगाम. व्हेल आणि ग्लेशियर अशी एकत्र टूर मिळते, ती घ्या, पैसे जातील पण या ट्रिपमध्ये तिथेच जाऊ देत. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो, वर एका खोलगटात साठलेलं पाणी ग्लेशियरखालून सुटून मेंडनहॉल नदीला पूर येतो, 2023, 2024, 2025 तिन्ही वर्षी ऑगस्टमध्येच आला. तुम्ही जुलैत आहात, तरी निघायच्या आधी बातम्या बघा.

केचिकनला काही घेऊ नका. बहुतेक बोटी गावातच लागतात, क्रीक स्ट्रीट चालत, लाकडी खांबांवरची घरं, ओढ्यात सॅमन उड्या मारताना दिसले तर लेक तिथून हलणार नाही. टोटेम (आदिवासींचे कोरीव लाकडी खांब) बघायचे तर सॅक्समन गाव तीनेक मैलांवर, टॅक्सी करा. रेनकोट मात्र सगळ्यांना, वर्षाला दीडशे इंच पाऊस आहे तिथे. आंबोलीवाले हसतील, पण आंबोलीत जुलैत कुणी छत्रीशिवाय फिरत नाही.

– शोरलाइन

---

शोरलाइनवाले दादा सगळं बरोबर पण व्हाइट पासची ट्रेन कुणीच कशी सांगितली नाही? आईबाबांना गाडीत पाच तास कोंबण्यापेक्षा ती ट्रेन द्या. 1898 ते 1900 मध्ये सोन्याच्या धावपळीत बांधलेली, तीन फुटी नॅरोगेज, आपल्या माथेरानच्या गाडीची थोरली बहीण म्हणा (माथेरानची दोन फुटी). वीस मैलांत 2,865 फूट चढते, जाऊन-येऊन पावणेतीन तासांच्या आत, डब्यात टॉयलेट आहे!! चढताना डाव्या बाजूला बसा. आमच्या आईने उतरल्यावर विचारलं, इथे चिक्की कुठे मिळते.

– बेलव्ह्यूची मावशी

---

मंडळी,

काय लिहू, एका पत्रावर एवढी उत्तरं दिवाळीच्या कार्यक्रमाच्या सह्यांनाही येत नाहीत.

रात्री नवऱ्याबरोबर बसले. बोट स्कॅगवेला सकाळी सातला लागते, रात्री आठला सुटते, म्हणजे काकांची अट बसते. व्हिसा तिघांचेही मल्टिपल आहेत, मार्चमध्येच आले. तर असं ठरलं: जुनोला बोटीचीच व्हेल-ग्लेशियर टूर, सहाही जण, भाव बघायचा नाही. केचिकन पायी. व्हिक्टोरियाला बुचार्ट गार्डन होतं मनात, पण बोट रात्री आठला लागते आणि बाग चौदा मैलांवर, तेव्हा नाहीच, धक्क्यावर आइस्क्रीम. आणि स्कॅगवेला फाटाफूट: बाबा आणि सासूबाई ट्रेनने, मी त्यांच्याबरोबर, नवरा, लेक आणि आई गाडीने एमराल्ड लेक. आईनेच सांगितलं, मला ट्रेन नको, मी पुढच्या सीटवर बसणार. गाडी छोटी लागेल त्यामुळे स्वस्तही पडली, शेवटच्या दोन उरल्या होत्या त्यातली एक काल रात्री अकराला मिळाली. दुपारी तीनच्या पुढे एमराल्ड लेकला थांबायचं नाही असं नवऱ्याकडून लिहून घेतलंय.

आता फक्त बूस्टर सीटचं बघायचंय, तिथे भाड्याने मिळेल याची खात्री देत नाहीयेत. कुणाकडे घडी होणारी असेल तर रविवारी मराठी शाळेत आणाल का? आणि इसाक्वावाल्या ताई, सासऱ्यांना विचारा, ते एचएमटी आठवडाभर उसनं मिळेल का.

– रेडमंडची वहिनी

---

बूस्टर आहे, निळं, आणते. घड्याळाचं विचारलं, म्हणाले घड्याळ मिळणार नाही, मी येतो.

– एचएमटीवाल्यांची सून