मदत हवी आहे : गस्तीवरील पोलिसांसाठी नॅलोक्सोनचे प्रशिक्षण

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नाशिकमध्ये पोलीस अंमलदार आहे. गेल्या महिन्यात रात्रीच्या गस्तीवर असताना त्याला गोदाघाटाच्या पायऱ्यांवर विशीतला एक मुलगा निपचित पडलेला दिसला. ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास इतका विरळ की पुढचा येतो की नाही, याची वाट पाहावी लागत होती. १०८ ची रुग्णवाहिका आली, मुलगा वाचला. पण तोवर हाताशी काहीच नव्हते, ही गोष्ट भावाच्या मनातून जात नाही.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेने मंदावलेला श्वास नॅलोक्सोन या औषधाने काही मिनिटांत पूर्ववत होऊ शकतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात क्विन्सी शहराच्या पोलिसांनी त्याचा नाकात मारायचा फवारा २०१० पासून गस्तीवर बाळगायला सुरुवात केली. औषधाचा प्रभाव साधारण ३० ते ९० मिनिटेच टिकतो, त्यामुळे रुग्णाला रुग्णालयात न्यावेच लागते, हेही मी भावाला सांगितले आहे.

आपल्याकडे मात्र हे औषध मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात मिळते आणि अंधारात, घाटाच्या पायरीवर बसून काचेची कुपी फोडणे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाला कितपत जमेल, अशी मला काळजी वाटते. पोलिसांना हे शिकवायचे असल्यास परवानगी कोणाकडे मागावी, डॉक्टरांची लेखी चिठ्ठी कशी लागेल आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत औषध कसे ठेवावे? भूलतज्ज्ञ, व्यसनमुक्ती केंद्रातील डॉक्टर किंवा पोलीस प्रशिक्षणाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.