अनुभव धागा: कोकणातल्या घरांनी मदत करायची तर नेमकी कशी?

धागाकर्ती
गणपतीला किंवा मे महिन्यात सगळं घर एकत्र आलं की "यंदा कुणाला तरी काही देऊ या" हा विषय निघतो. रक्कम ठरते आणि गाडी अडते ती पुढे: काय द्यायचं, कधी द्यायचं, कुणाला विचारून. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्यांना या कामातलं बारीकसारीक ठाऊक आहे, त्यांनी इथे लिहावं ही विनंती. किती, कोणतं, कुठे फसतं आणि का, एवढं आलं तरी पुष्कळ.

वाशिष्ठीकाठ
पुराबद्दल लिहितो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाल्यावर मदतीचा ओघ मोठा होता. मात्र अशा वेळी जुने कपडे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त येतात. ते निवडायला माणसं नसतात आणि ठेवायला कोरडी जागा नसते. कपडे द्यायचेच असतील तर नवे द्या: अंतर्वस्त्रं, टॉवेल, गाऊन, लुंग्या, चादरी. मापाप्रमाणे वेगळे गठ्ठे करून बाहेर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा.

पहिले दोन-तीन दिवस चूल पेटत नाही, शेगडीत चिखल असतो. त्या दिवसांत तांदूळ-डाळीचं पोतं निरुपयोगी. पाणी, चिवडा, बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू, मेणबत्त्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या काडेपेट्या, सॅनिटरी पॅड हे आधी न्या. शिधा चौथ्या दिवसापासून. चार माणसांच्या घराला आठवड्यासाठी तांदूळ ५ किलो, तूरडाळ १ किलो, तेल १ लिटर, पीठ २ किलो, शिवाय मीठ, तिखट, साखर, चहा आणि आमसुलं. वीज नसते म्हणून दूध पावडरीचं.

सगळ्यात जास्त टंचाई साफसफाईच्या सामानाची होते. गाळ ओला आहे तोवर फावड्याने ओढता येतो, वाळला की लादीला धरून बसतो. दोन घरांमागे एक संच पुरतो: फावडं, दोन घमेली, दोन खराटे, वायपर, फिनेल, रबरी हातमोजे, ७ ते ९ नंबरचे गमबूट. गमबूट चैन म्हणून नाहीत. पायाला जखम असताना पुराच्या चिखलात उभं राहिलं की लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो. त्यावरची प्रतिबंधक गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून, डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यायची. मदतीच्या पिशवीतून गोळ्या वाटू नका.

ओटीटेस्ट
वरच्या प्रतिसादाला जोडून. पुराचं पाणी विहिरीत गेलं असेल तर बाटल्या किती दिवस पुरवणार? वाडीतल्या विहिरी शुद्ध करून देणं ही फार मोठी मदत आहे आणि खर्च जवळपास नाहीच.

गोल विहीर: व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ०.७८५ ने गुणा. उत्तर घनमीटरमध्ये येतं, म्हणजे तितके हजार लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. ३३ टक्के क्लोरिनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण ७० ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते, तो हिशोब आरोग्य सेवकाला विचारून करा.

पावडर थेट विहिरीत ओतायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. चुना तळाला बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोराने विहिरीत सोडा आणि खालीवर, आजूबाजूला हलवा. खालचा चुना बाहेर टाकायचा. विहिरीत गेला तर पाणी जड होतं. हे रात्री केलेलं बरं, कारण निदान तासभर कुणी पाणी ओढता कामा नये. सकाळी ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरिन उरला आहे का ते दाखवणाऱ्या चाचणीला) पिवळा रंग आला नाही तर पुन्हा डोस द्यावा लागतो. पोतं उघडं राहिलं तर पावडरीतला क्लोरिन उडून जातो, मग माप बरोबर असूनही उपयोग होत नाही. बहुतेक वेळा चुकतं ते इथेच.

रुग्णसाहित्य_दापोली
कोकणात घरं मोठी आणि माणसं दोन, तीही सत्तरीपुढची, अशी वाड्या-वाड्यांत स्थिती आहे. कंबरेचं हाड मोडलं, अर्धांगाचा झटका आला की महिना-दोन महिन्यांसाठी साहित्य लागतं आणि नंतर ते माळ्यावर पडून राहतं. चार-पाच घरांनी मिळून ते एकत्र ठेवलं तर सगळ्या वाडीची सोय होते. सुरुवातीला दोन वॉकर, एक व्हीलचेअर, एक कमोड खुर्ची, एक एअरबेड एवढं बस्स.

घेताना खाऱ्या हवेचा विचार करा. क्रोमच्या नळ्या किनाऱ्यालगत गंजतात, वॉकर ॲल्युमिनियमचाच घ्या. व्हीलचेअरच्या चाकांना महिन्यातून एकदा तेल, आणि ठेवायची आतल्या खोलीत, पडवीत नाही. व्हीलचेअरची पूर्ण रुंदी साधारण २५ इंच असते. जुन्या घरांचे दरवाजे अरुंद आणि उंबरठे उंच, म्हणून आधी टेप नेऊन दार मोजा. खुर्ची आत जाणारच नसेल तर खोलीत कमोड खुर्ची आणि बाहेर पडवीत व्हीलचेअर अशी वाटणी करावी लागते. सारवलेल्या जमिनीवर कमोड खुर्चीचे पाय रुततात आणि ती कलंडते, चारही पायांखाली सलग फळी हवी. वॉकरच्या पायांची रबरी बुचं झिजतात, जास्तीचा जोड जवळ ठेवा. झिजलेल्या बुचाचा वॉकर ओल्या लादीवर सरकतो आणि दुसरं हाड मोडतं.

एअरबेडबद्दल सविस्तर सांगते, कारण तो सर्रास चुकीचा वापरला जातो. आहे त्या गादीवर तो अंथरायचा, फुगे वरच्या बाजूला, पंप पायाकडे टांगलेला. वर एकच पातळ सुती चादर. मायेने गोधडी घातली जाते आणि गादीचा उपयोगच संपतो. पंप दिवसरात्र चालू हवा. पावसाळ्यात वीज गेली की नळ्या पंपापासून सोडवून तोंडं घट्ट बंद करा, हवा काही वेळ टिकते. आणि एअरबेड असला तरी दर दोन तासांनी रुग्णाला कूस बदलून द्यावीच लागते. हे देतानाच घरच्यांना करून दाखवा, नुसतं सांगून भागत नाही.

अनामत ठेवावी, पाचशे रुपये पुरेत. वस्तू परत यावी यासाठी ती असते. ज्याला तीही जड आहे त्याच्याकडून घेऊ नका. वहीत तारीख, घरचा फोन आणि शेजाऱ्याचा फोन. परत आलेली वस्तू साबणाने धुऊन, जंतुनाशकाने पुसून मगच पुढे. एअरबेड सावलीत वाळवा, उन्हात त्याचं रेक्झिन तडकतं.

बंदरावरची
मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. बोटीच्या मालकाचं निभतं. खलाशी, मासळी निवडणाऱ्या आणि टोपली घेऊन दारोदार जाणाऱ्या बायका यांचं हातावरचं पोट. दिवाळीत फराळ देणारे पुष्कळ असतात, जुलैत कुणी नसतं. किराणा द्यायचा तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात द्या, जूनपर्यंत सुकी मासळी आणि उरलेले पैसे पुरतात. पिशव्या चौकात वाटू नका. गावातल्या वाण्याकडे पैसे भरून नावं द्या, ज्याला जे हवं ते तो नेईल.

तलाठी_कार्यालयाची_पायरी
पैसे नसले तरी वेळ द्या. संजय गांधी निराधार अनुदानाचे महिन्याला १५०० रुपये हक्काचे असूनही ते अनेक विधवा आजींना मिळत नाहीत, कारण कागद जुळत नाहीत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, पतीच्या मृत्यूचा दाखला. नाव तिथेच घोटाळा करतं: आधारवर सासरचं, बँकेत माहेरचं, रेशनकार्डावर टोपणनाव. आधी आधार दुरुस्त करा, मग बँक, शेवटी अर्ज. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक टेबलावरून परत याल. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात. मंजुरीनंतरही उत्पन्न आणि हयातीचे दाखले वेळच्या वेळी द्यावे लागतात. ते राहिले की अनुदान थांबतं आणि "सरकारने बंद केलं" असं समजून आजी गप्प बसतात. घरातल्या कॉलेजच्या मुलाने वाडीतल्या पाच जणांची ही जबाबदारी वर्षभर घेतली तर पुष्कळ होईल.

लालपेशी
रक्तदान शिबिरं ठरावीक जयंत्या आणि वाढदिवसांना एकदम होतात. लाल पेशी टिकतात साधारण पाच-सहा आठवडे, प्लेटलेट्स पाच दिवस. पुरुषाला पुढे तीन महिने, स्त्रीला चार महिने रक्त देता येत नाही. म्हणजे सगळा गाव एका दिवशी देऊन मोकळा होतो आणि नंतर महामार्गावर अपघात झाला की दाता शोधत फिरावं लागतं. घरात चार दाते असतील तर महिने वाटून घ्या, एकाने मे, दुसऱ्याने ऑगस्ट. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. आपल्याकडच्या बायका या शेवटच्या आकड्यावर परत पाठवल्या जातात. त्यांना लगेच तपासणी आणि उपचारांकडे वळवा.

नेत्रदानाचंही इथेच लिहितो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यावर ओल्या कापसाचे बोळे, डोक्याखाली दोन उशा. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह यांनी अडत नाही. अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने होतं. अर्ज भरलेला असून घरच्यांना माहीतच नसेल, तर मात्र होत नाही. इथली अंतरं बघता मुंबईहून मुलगा येईपर्यंत थांबलात तर वेळ निघून जाते. म्हणून ही बोलणी आधीच करून ठेवा आणि जवळच्या नेत्रपेढीचा नंबर फोनमध्ये नको, भिंतीवर लिहा.

खेडकर_आखातात
पैशांचं थोडक्यात. संस्थेला दोन हजारांवर रोख दिले तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत नाही. वस्तू दिल्या तर नाही, नवी करप्रणाली घेतली तर नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा. आखातात असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण ज्या भावाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे त्याचे ठरतात आणि ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) परवानगी लागते. दोघांचे पैसे एकाच खात्यातून पाठवू नका, संस्थाच अडचणीत येते.

जकात रमजानमध्ये एकदम निघते, मुलांच्या फिया मात्र जूनमध्ये येतात. घेणाऱ्या घराशी बोलून फीची रक्कम थेट शाळेत आगाऊ भरून पावती त्यांच्या हातात द्यावी.

धागाकर्ती
@रुग्णसाहित्य_दापोली, वहीत शेजाऱ्याचा फोन घेण्याची सूचना आजच आमच्या मंडळाला कळवते. शाळांबद्दल कुणी लिहील का? पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफतच मिळतात, तरी देणाऱ्यांचे गठ्ठे त्याच इयत्तांचे येतात. नववी-दहावीला काय लागतं, दप्तराची पावसाळी कव्हरं कोणत्या मापाची घ्यावीत, हे शिक्षकांपैकी कुणी सांगितलं तर १५ जूनच्या आत खरेदी होईल.