कळलावी या फुलवेलीचा कंद उभा लावायचा की आडवा?

आडवाच ठेवा, वर दोन-तीन इंच माती पुरे. आणि अजून कोंब नाही म्हणून रोज उकरून बघताय ते आधी बंद करा बरं, कारण डोळा (कोंब फुटतो ती जागा) कंदाच्या फक्त टोकाला असतो, बोट लागलं की टचकन मोडतो आणि मग त्या टोकाकडून काही येत नाही. माती २० अंशांच्या वर गेल्याशिवाय हा हलत नाही, थंडीत पाणी घातलं तर सडणारच. कोणी ट्यूलिपसारखा फ्रिजमध्ये ठेवा म्हणालं तरी ते अजिबात नको, हा उष्ण भागातला कंद आहे. कोंब आला की जाळी द्या, पानांची टोकंच वळून धरतात. कंद जबरदस्त विषारी आहे हां, कॉल्चिसिन असतं, मुलं-कुत्री असतील तर कुंडी वरच ठेवा.