अरबी वक्तृत्वाला नवा जन्म दिला तो पश्चिमेने का?

धागालेखक: १९व्या शतकातल्या अरबी पुनरुज्जीवनाला ‘नहदा’ म्हणतात. माझं मत असं की आजचं अरबी भाषण युरोपच्या संपर्कातून घडलं. त्याआधीचे शुक्रवारचे खुतबे (मशिदीतली प्रवचनं) बरेचदा नुसते पाठ म्हटलेले असत. दहाव्या शतकातल्या इब्न नुबाताचे यमकांनी मढवलेले खुतबे लोक शतकानुशतके गिरवत राहिले. मग १८४७ साली बैरुतमध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या सहभागाने एक विद्वत्सभा निघाली. १८४९ मध्ये तिथे अरबी लेखक बुत्रुस अल-बुस्तानी स्त्रीशिक्षणावर बोलले. समोर नमाजी नाहीत, विषय समाजाचा, आणि श्रोत्यांना पटवून द्यायचं! पुढे इजिप्तचे राष्ट्रवादी नेते मुस्तफा कामिल फ्रान्समधल्या तुलूझहून कायद्याची पदवी घेऊन आले आणि इजिप्तच्या सभा त्यांनी गाजवल्या.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. अब्दुल्ला अल-नदीम यांना विसरलात? अलेक्झांड्रियातल्या बेकरीवाल्याचा मुलगा, युरोपात शिकलेला नाही. १८८१-८२ मध्ये इजिप्तमध्ये लष्करी अधिकारी उराबी यांनी केलेल्या उठावात गर्दी त्यांच्या शब्दावर हलत होती, कारण ते बाजारातल्या माणसाची बोली बोलत. आणि सातव्या शतकात इराकचा सुभेदार हज्जाज याने कूफा शहरातल्या मशिदीच्या मिंबरवरून (प्रवचनाच्या व्यासपीठावरून) लोकांना जे सुनावलं, ते वाचा एकदा. आजही अंगावर काटा येतो.

धागालेखक: हज्जाज मान्य. पण तो सुभेदार होता, हुकूम सुनावत होता. नदीम यांनी १८७९ मध्ये संस्था काढली, तिच्या शाळेत मुलांना भाषणं आणि नाटकं शिकवली, मग वर्तमानपत्र चालवलं. वर्तमानपत्र आणि रंगमंचावरचं नाटक हे साचे कुठून आले?

प्रतिसाद २: साचा आला म्हणून आवाजही आला, असं होत नाही. इजिप्तमध्ये १८८३ साली फ्रेंच धर्तीवरची न्यायालयं सुरू झाली आणि वकिलाला उभं राहून बाजू मांडावी लागली, हे खरं. इजिप्तचे राष्ट्रीय नेते सअद जगलूल त्याच वकिलीतून पुढे आले. पण त्यांची अरबी घडली कैरोतल्या अल-अजहर या इस्लामी विद्यापीठात. फ्रेंच ते बऱ्याच उशिरा शिकले.

प्रतिसाद १: अगदी हेच म्हणायचं होतं! १९१९ च्या इजिप्तच्या क्रांतीत सर्जियस नावाचे कॉप्टिक (इजिप्तचे ख्रिस्ती) धर्मगुरू अल-अजहरच्या मिंबरवर चढून इंग्रजांविरुद्ध बोलले. मुसलमानांच्या मिंबरवर ख्रिस्ती पाद्री, आणि खाली ऐकणारे दोन्ही धर्मांचे. हे युरोपच्या कुठल्या सभागृहातून आलं, सांगा.