कैदी पळाला तर पोलिसावर गुन्हा दाखल होतो का, की नुसतं निलंबन?

नवखा_वाचक:
बातम्यांत नेहमी तेच, आरोपीला तपासणीला हॉस्पिटलमध्ये नेलं, बाथरूमला जातो म्हणाला आणि पसार, मग कैदी पार्टीतले (कैद्याला ने-आण करणाऱ्या पोलिसांतले) दोघं सस्पेंड. पण पुढे काय? फौजदारी केस होते का खात्यातल्या खात्यात मिटतं? आणि पैसे घेऊन सोडलं असेल तर?

खटपट्या:
होते की. निष्काळजीपणामुळे पळाला तर भारतीय न्याय संहिता कलम 261, जुनं आयपीसी 223. दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, जामीनपात्र. गंमत म्हणजे पळालेला पाकीटमार असो की खुनी, निष्काळजीपणाची कमाल शिक्षा तेवढीच. मुद्दाम सोडलं तर मात्र कैदी कोण होता ते बघतात. फाशीची शिक्षा झालेल्याला सोडलं तर कलम 260 खाली जन्मठेप किंवा 14 वर्षांपर्यंत, जन्मठेपवाला किंवा दहा वर्षं नि वरचा असेल तर 7 पर्यंत, त्याखाली 3. अजून शिक्षा न झालेला आरोपी असेल तर 259, तिथे जास्तीत जास्त 7. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर आयपीसीचीच कलमं.

साधा_वकील:
वरचं बरोबर, पण सगळं अडतं ते 'मुद्दाम' सिद्ध करण्यावर. आत कुणी कबूल करत नाही, मग कॉल रेकॉर्ड, सीसीटीव्ही, स्टेशन डायरीतली वेळ असं जोडत बसायचं, आणि नाहीच जमलं तर केस 261 वर येऊन थांबते. पैसे घेतल्याचं सापडलं तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा वेगळा लागतो. विभागीय चौकशीत कोर्टाएवढा कडक पुरावा लागत नाही म्हणून कोर्टात सुटलेला माणूस नोकरीतून जाऊ शकतो.

रात्रपाळी:
सगळं खालच्या शिपायावरच ढकलतात राव. 1980 पासून सुप्रीम कोर्ट म्हणतंय सरसकट बेड्या घालायच्या नाहीत, आणि पळाला की विचारणार बेडी का नव्हती. आता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 43(3) मध्ये परवानगी आहे, सराईत किंवा आधी ताब्यातून पळालेला वगैरे असेल तर, पण ती अटक करताना नि कोर्टात हजर करताना, हॉस्पिटलचं नाव त्यात नाही. दोन माणसं देऊन चार कैदी पाठवणाऱ्या साहेबाला कोण विचारतं?

नवखा_वाचक:
आणि पॅरोलवरून परतच आला नाही तर?

साधा_वकील:
तेव्हा तो कुणाच्या पहाऱ्यात नसतोच, मग पळू दिलं म्हणून कुणाला धरणार? गुन्हा त्या कैद्यावरच.