'तोर्तु आरादु'मधली सांता रीता पेस्कादेरा नक्की कुठली?

पुस्तककिडा: इतामार व्हिएरा ज्युनिअरची ही २०१९ची ब्राझिली कादंबरी इंग्रजीतून वाचली. गुलामांच्या वंशजांची गोष्ट, म्हणून शांगो, येमांजा असे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचे देव भेटतील असं धरून चाललो होतो. पण तिसऱ्या भागाची निवेदक निघाली सांता रीता पेस्कादेरा. नाव ख्रिस्ती, धंदा मासेमारीचा, आणि बायकांच्या अंगात येते! त्या वस्तीचा 'जारे' हा पंथ लेखकाने रचलाय का?

बाहियाची_सून: छे, रचलेला कसला! माझ्या सासूबाई बाहिया राज्यातल्या शापादा दियामांतीना या डोंगराळ भागाच्याच. एकोणिसाव्या शतकात तिथे हिरे सापडले, खाणींत राबायला गुलाम आणले गेले, आणि तिथल्या लेन्सोइस गावाच्या आसपास जारे रुजला. आफ्रिकी देव, ख्रिस्ती संत आणि काबोक्लू, म्हणजे आदिवासी पूर्वजांचे आत्मे, सगळे एकाच अंगणात. मुख्य काम दुखणी काढण्याचं. डॉक्टर लांब, मालक त्याहून लांब.

बाहियाची राजधानी साल्वादोर इथल्या कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिली पंथातही काबोक्लू येतो: डोक्याला पिसं, तोंडात सिगार. ओरिशा, म्हणजे योरुबा देव, सहसा बोलत नाहीत. हा मात्र पोर्तुगीजमध्ये गप्पा मारतो, सल्ले देतो, दटावतोसुद्धा. सासूबाईंचा हिशोब सरळ आहे: "ओरिशा समुद्रापलीकडून आले. जमीन काबोक्लूची. त्याला न विचारता ढोल कसा वाजवायचा?"

वेंगुर्लेकर: मग हा आमचा राखणदारच की! त्यालाही बिडी लागते.

बाहियाची_सून: हो, मलाही पहिल्यांदा तेच आठवलं. पण तुमच्या राखणदाराची जमीन पोर्तुगिजांनी उसाच्या मळ्यांसाठी रिकामी करून तिथे दुसऱ्या खंडातली माणसं साखळदंडात आणून बसवली नव्हती. इथे आणलेल्यांनी हाकललेल्यांना देव्हाऱ्यात जागा दिली.

विद्वानांना मात्र हे फार काळ पचलं नाही. एदिसन कार्नेरूसारखे अभ्यासक १९३०च्या दशकात योरुबा परंपरेला अस्सल मानत आणि काबोक्लूवाल्यांना घसरलेले. मला ही सोवळ्याओवळ्याची उतरंड वाटते. माहेरी पुरेशी पाहिली आहे.

शंकासुर: क्षमा करा, पण आदिवासी मारले आणि त्यांची पिसं पूजेला ठेवली, एवढंच झालं ना? याला संस्कृतींचा संगम म्हणून टाळ्या का वाजवायच्या?

बाहियाची_सून: टाळ्या वाजवूच नका. २ जुलैला साल्वादोरमध्ये मिरवणूक असते. १८२३मध्ये त्या दिवशी पोर्तुगीज फौज शहर सोडून गेली. काबोक्लू आणि काबोक्ला (त्याचं स्त्रीरूप) यांच्या मूर्ती गाड्यांवरून निघतात, लोक त्यांच्या पायाशी फळं आणि चिठ्ठ्या ठेवतात, पुढारी मागून हात हलवत चालतात. त्याच बाहियात जिवंत तुपिनांबा आदिवासी आपल्या जमिनीसाठी भांडतायत, तेव्हा हे पुढारी कुठे असतात, हा तुमचा प्रश्न असेल तर मी तुमच्याच बाजूने आहे.

फक्त 'मारले आणि संपले' म्हणू नका. सेर्रा दो पादेइरूचे तुपिनांबा बळकावलेली शेतं परत घेतात, तेव्हा आधी 'एंकांतादू'ंचा, म्हणजे अंगात येणाऱ्या त्याच आत्म्यांचा कौल घेतात. व्हिएरा ज्युनिअर स्वतः सरकारच्या जमीन-सुधारणा खात्यात नोकरीला होते. पुस्तककिडा, तिसरा भाग पुन्हा वाचा आणि सांता रीता मालकाचा हिशोब कसा करते ते बघा. पुढचं सांगत नाही, इथे बऱ्याच जणांचं वाचायचं राहिलंय.